तबकडीवर नसलेली नावे

संग्रह करण्याचा नाद हा एक सोज्ज्वळ प्रकारचा लोभच होय, असे माझे वडील म्हणत. त्यांना स्वतःला नाट्यगीतांच्या ध्वनिमुद्रिका जमविण्याचा नाद होता, तेव्हा हे बोलणे अनुभवाचेच होते. त्यांच्या पश्चात तो लोभ माझ्याकडे आला; फक्त त्याने वाट बदलली. बालगंधर्वांच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवर वाढलेल्या बेळगावातील एका घरात जॅझ या अमेरिकन संगीताच्या सुमारे सहाशे तबकड्या कशा गोळा झाल्या, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण आज मला सांगावयाचे आहे ते जमलेल्या तबकड्यांविषयी थोडे आणि जे जमवावयाचे राहून गेले त्याविषयी अधिक.

१९६२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. टिळकवाडीतील आमच्या घरी व्हॉल्व्हचा एक थोरला रेडिओ होता. रात्री सर्वांची निजानीज झाली, की आवाज अगदी बारीक करून शॉर्टवेव्हवरील दूरदूरची केंद्रे धुंडाळणे हा माझा उद्योग असे. एके रात्री खरखरीतून एक धीमा, भारदस्त, एकेक शब्द सुटा उच्चारणारा आवाज ऐकू आला. तो विलिस कोनोव्हर यांचा, हे पुढे कळले. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर ते जॅझचा कार्यक्रम सादर करीत आणि इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा श्रोत्यांसाठी मुद्दाम सावकाश बोलत. कार्यक्रमाच्या आरंभी ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ‘टेक द ए ट्रेन’ ही धून वाजे. त्या रात्री मला त्यातले काही समजले नाही; पण झोपही आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅम्पात मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणजे एक गोवेकर ख्रिस्ती गृहस्थ. चर्चच्या मागच्या बाजूस दोन खोल्यांच्या घरात ते राहात, मुलांना व्हायोलिन व ट्रम्पेट शिकवीत आणि फावल्या वेळात वाद्ये दुरुस्त करीत. आमच्या ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली होती, तेव्हा ती बसवून देण्यास ते आले होते, एवढीच काय ती ओळख. लहानथोर सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत.

मी रात्री ऐकलेली धून मोडक्यातोडक्या स्वरांत गुणगुणून दाखविली. मास्तर हसले. भिंतीवरचा ट्रम्पेट त्यांनी खाली घेतला, ओठ ओले केले आणि ती संपूर्ण धून वाजवून दाखविली. ती संपली तरी ते थांबले नाहीत. तीच धून, पण दर वेळी निराळी. कधी मागे रेंगाळणारी, कधी पुढे धावणारी. मी विचारले, “हे कुठे लिहिलेले असते?” ते म्हणाले, “पुता, कागदावर असते ते घर. आत कसे राहायचे ते कागद सांगत नाही.”

जॅझचा पहिला धडा मला असा मिळाला. त्यांनी मला बारा खंडांचा ‘ब्लूज’ बोटांवर मोजून शिकविला. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. त्यात स्वरसमूह ठरलेल्या क्रमाने बदलत जातात आणि वादक त्या चौकटीत आयत्या वेळी सुचेल ते मांडतो. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा मांडून गायक विस्तार करतो आणि फिरून समेवर येतो, तसाच हा प्रकार, हे माझ्या ध्यानी आले. ब्लूजमधील काही स्वर तर पेटीच्या पट्ट्यांमध्ये कोठेतरी, पट्टीच्या किंचित खाली लागतात. श्रुती आणि मींड यांचा संस्कार झालेल्या मराठी कानाला त्यात परके असे काही वाटू नये. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी गुलामगिरीच्या आणि त्यानंतरच्या अपमानाच्या दिवसांत ज्या स्वरांत आपले मन मोकळे केले, त्यांतून हे संगीत उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात त्याला रूप आले.

परंतु न्यू ऑर्लिन्सचे संगीत बेळगावच्या कॅम्पात कसे आले? याचे उत्तर गोव्यात आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी व व्हायोलिनवादन शिकवीत. हेतू चर्चमधील प्रार्थनासंगीताचा. पण त्यामुळे खेड्यापाड्यांतली गरिबाघरची मुलेही लिहिलेले संगीत सहज वाचू लागली. पोटासाठी ती मुंबईस, कलकत्त्यास आणि संस्थानिकांच्या बँडमध्ये गेली. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे टेडी वेदरफर्ड हे नामांकित पियानोवादकही तेथे आले. त्यांचे वादन ऐकून आणि पुढे त्यांच्या खांद्याला खांदा लावून वाजवून गोवेकर तरुणांनी ही विद्या उचलली. बारदेशातील हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांतले अग्रणी. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते ओळखले जात आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, संस्थाने विलीन झाली, मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांतील नृत्यसभा ओस पडू लागल्या. या वादकांना आसरा मिळाला तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत. संगीतदिग्दर्शकाने चाल सांगावी आणि यांनी ती स्वरलिपीत उतरवून साठ-सत्तर वाद्यांना वाटून द्यावी, अशी रीत पडली. आपले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्या सहायकांत चिक चॉकलेट होते; १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात ते पडद्यावरही दिसतात. ज्या गाण्यांवर आपल्या आईवडिलांनी माना डोलावल्या, त्यांतील ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन अशा प्रकारे जॅझच्या तालमीतून आलेले होते.

आमचे मास्तरही याच वाटेचे प्रवासी. मुंबईत हॉटेलात वाजविले, मग स्टुडिओत वाजविले. १९५५ नंतर गोव्याची सीमा बंद झाली, तेव्हा निदान घराच्या दिशेने तरी राहावे म्हणून ते बेळगावास आले, ते येथेच राहिले. हे सारे ते तुकड्यातुकड्यांनी सांगत. मी ऐकत असे; पण खरे सांगायचे तर माझे अर्धे लक्ष अमेरिकेकडे असे.

पहिली लाँग-प्ले तबकडी मी १९६८ साली मुंबईस घेतली. नोकरीच्या मुलाखतीसाठी गेलो होतो. मुलाखत आटोपून चोरबाजारात हिंडताना डेव्ह ब्रूबेक यांची ‘टाइम आउट’ हाती लागली. कव्हराचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला. पण आतली तबकडी स्वच्छ होती. तिच्यातील ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांची रचना प्रसिद्धच आहे. आपल्या झपतालाचे दोन-तीन, दोन-तीन असे खंड, तर इथे तीन-दोन. ब्रूबेक १९५८ साली आपल्या देशात येऊन गेले होते. त्या दौऱ्यात निरनिराळ्या देशांचे ताल त्यांनी कानावरून घातले आणि पुढील वर्षी ही तबकडी निघाली. जेवणाचे पैसे तिच्यात गेल्यामुळे परतीच्या प्रवासात केवळ चहावर राहिलो, हे आईला पुष्कळ दिवस सांगितले नव्हते.

त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. अमेरिकन ध्वनिमुद्रिका मिळणे म्हणजे दैवयोगच. कालाघोड्याजवळच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये (ते २०१६ साली बंद झाले) जे असेल ते तासन्‌तास पाहावे आणि एखादीच घ्यावी. जहाजावर नोकरी करणारे गोव्याचे तारवटी सुट्टीवर येताना ट्रंकेतून तबकड्या आणीत. बेळगावमार्गे घरी जाताना त्यांतला एखादा मास्तरांकडे उतरे आणि मला निरोप येई. बँकेत नोकरी लागल्यावर पगाराचा एक ठराविक हिस्सा या मार्गाने जाऊ लागला. लग्नानंतर आमच्या सौभाग्यवतींनी एकदाच विचारले, “यातल्या सगळ्या सारख्याच दिसतात, एकच पुन्हा पुन्हा ऐकली तर चालत नाही का?” या प्रश्नाला मला आजवर समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

बेळगावच्या पावसात तबकड्या सांभाळणे हे व्रतच आहे. त्या उभ्याच ठेवाव्यात, आडव्या रचल्या तर वाकतात. बुरशी आली तर मधल्या कागदाला पाणी लागू न देता सौम्य साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. लाखेच्या जुन्या तबकड्या तर हातातून निसटल्या की कौलासारख्या फुटतात. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यात राग बसविला आणि लुई आर्मस्ट्राँगने आपले ट्रम्पेटही तेवढ्यातच बसविले. १९४८ साली अमेरिकेत लाँग-प्ले तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले, तेव्हा कोठे वादकाला ध्वनिमुद्रणात ऐसपैस विस्तार करता आला.

मी एक वही ठेवली होती. प्रत्येक तबकडीचे ध्वनिमुद्रण कोणत्या दिवशी, कोठे झाले, कोणते वाद्य कोणी वाजविले, हे तिच्यात सुवाच्य अक्षरांत लिहीत असे. माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. तिच्यात पियानो बिल इव्हान्सचा असला, तरी एका रचनेपुरता तो विंटन केलीने वाजविला आहे. हे मला आजही तोंडपाठ आहे. अमेरिकन कंपन्या कव्हरावर ही सारी नावे छापीत, म्हणून मला ती लिहिता येत. आपल्या चित्रगीतांच्या तबकड्यांवर चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, संगीतदिग्दर्शकाचे नाव असे. वाजविणाऱ्यांचे नाव नसे.

प्रत्यक्ष मैफल ऐकण्याचा योग मात्र फार उशिरा आला. ड्यूक एलिंग्टन १९६३ साली आपल्या वाद्यवृंदासह मुंबईस येऊन गेले, ते मी वर्तमानपत्रात वाचले. त्या दौऱ्यात दिल्लीस ऐकलेल्या मैनेच्या स्वरावर त्यांच्या चमूने पुढे एक रचना केली, ती तबकडी माझ्याकडे आहे. परंतु मैना ऐकणे आणि मैनेची तबकडी ऐकणे यांत अंतर आहे.

ते अंतर मला फेब्रुवारी १९७८ मध्ये कळले. मुंबईत धोबीतलावाजवळ रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. बँकेतील दोन मित्रांसह मी निघालो. मिरजेस गाडी बदलावी लागे. फलाटावर आम्ही तिघे त्या रात्री थंडीत कुडकुडत, कोण कोण ऐकावयास मिळणार यावर वाद घालीत बसलो होतो. त्या महोत्सवात सॉनी रॉलिन्स आले होते. या थोर सॅक्सोफोनवादकाने १९५९ ते १९६१ या काळात मैफली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकट्याने रियाज केला होता आणि साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमातही काही काळ वास्तव्य केले होते. आपल्याकडे ज्याला चिल्ला म्हणतात, त्याच जातीची ही तपश्चर्या.

त्यांच्या तबकड्या मला पाठ होत्या. म्हणून आरंभी माझा गोंधळच झाला. ओळखीचा सूर येईल म्हणून मी वाट पाहात होतो आणि ते प्रत्येक वेळी दुसरीकडेच जात होते. काही वेळाने मी वाट पाहणे सोडले, आणि तेव्हापासून ऐकू लागलो. उघड्या आकाशाखाली तो रुंद, खर्जातला स्वर पाठीमागच्या रस्त्यावरील मोटारींचे आवाज पोटात घेऊन पुढे जात होता. हे आज, येथे, एकदाच होणार आणि संपणार, ही जाणीव तबकडीने मला कधीच दिली नव्हती. रुग्णालये व विद्यालये जवळ असल्यामुळे तेथे पुढे शांतता-क्षेत्राचे नियम लागू झाले आणि रंगभवनातील मैफली थांबल्या. पण ती रात्र माझ्या कानांत अजून आहे.

परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मास्तरांकडे गेलो आणि तासभर बोलत राहिलो. त्यांनी सर्व शांतपणे ऐकले. मग एकच प्रश्न विचारला, “आमचे कोण कोण आशिल्ले?” आपल्यापैकी कोण कोण होते?

भारतीय वादकही त्या मंचावर होते. मी त्यांना ऐकले होते, टाळ्याही वाजविल्या होत्या. पण माझ्या वहीत फक्त परदेशी नावे होती. मी खिशातून वही काढली, पाने चाळली आणि गप्प बसलो. मास्तर काही बोलले नाहीत. त्यांना मुंबईस बरोबर न्यावे, हे मला सुचले नव्हते, हे मला त्या क्षणी उमगले. तिकिटाचे पैसे जास्त नव्हते. ते आले असते की नाही, ते सांगता येत नाही. पण मी विचारले नव्हते, एवढे खरे.

१९८३ साली प्रकृती ढासळली म्हणून ते गोव्यास परत गेले. निघताना त्यांनी एक जुनी तबकडी माझ्या हाती ठेवली. पन्नासच्या दशकारंभीच्या एका हिंदी चित्रपटातील गाण्याची. “ह्यात मी आहे,” एवढेच म्हणाले. मी ती आदराने घेतली आणि, लिहावयास संकोच वाटतो, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिली. जुनी, खरखरणारी, शिवाय सिनेमाचे गाणे. माझ्या संग्रहात ती बसत नव्हती. पुढच्या वर्षी मास्तर वारल्याचे कळले, तेही दोन महिन्यांनी.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे गेली. २०१२ साली नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझयुगावरील ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक माझ्या वाचनात आले. मास्तर तुकड्यातुकड्यांनी सांगत ते सगळे तेथे होते. त्यांचे वर्ष, त्यांची माणसे, त्यांची कारणे. मी पुस्तक मिटले आणि खालचा कप्पा उघडला.

तबकडीच्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने काही लिहिले होते. इतकी वर्षे ते मी पाहिलेच नव्हते. रोमन अक्षरांत, एकाखाली एक, नऊ ओळी. त्या दिवशी त्या गाण्यात ज्यांनी फुंकवाद्ये वाजविली, त्यांची ती नावे असावीत. बहुतेक नुसती पहिली नावे किंवा टोपणनावे, पुढे वाद्य. नववी ओळ होती: ‘हांव, ट्रम्पेट’. हांव म्हणजे कोंकणीत मी.

मग माझ्या लक्षात आले, की मला मास्तरांचे पूर्ण नाव ठाऊक नाही. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत एका रचनेपुरता पियानोवर कोण बसला होता, हे मला पाठ. आणि एकवीस वर्षे ज्यांच्या ओसरीवर बसलो, त्यांना फक्त ‘मास्तर’ म्हणत आलो. पुढील वर्षी मी बारदेशात गेलो. त्यांच्या गावाचा अंदाज होता, त्यावरून तेथील चर्चमध्ये चौकशी केली. एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने मृत्यूची नोंदवही काढली, चष्मा लावला आणि विचारले, “नाव?” मी म्हणालो, “ते ट्रम्पेट वाजवीत.” ते हसले. “आमच्या गावात कोण वाजवीत नसे?” वही मिटून त्यांनी मला चहा दिला.

वाचकहो, या गोष्टीचा शेवट मी गोड करू शकत नाही. मात्र एक विनंती करतो. बेळगाव, गोवा, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, जेथे जेथे आपली घरे आहेत, तेथील माळ्यांवर अशा तबकड्या पडून आहेत. भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्यांची पाकिटे उलटसुलट करून पाहा. आणि आपल्या गल्लीत एखादे वृद्ध पेटीवादक, तबलजी, बँडमास्तर किंवा सिनेमाच्या पडद्यामागे वाजविलेले कोणी असतील, तर त्यांच्याकडे जा. त्यांच्या आठवणी मागावयाच्या त्या मागाच. पण आधी त्यांचे संपूर्ण नाव विचारा आणि त्यांच्यासमोर लिहून घ्या.

गेल्या पावसाळ्यात तबकड्या पुसताना माझी नात मदतीस बसली होती. मास्तरांची तबकडी आम्ही लावली. दोन कडव्यांच्या मधे आठ मात्रांपुरता ट्रम्पेट येतो. स्वच्छ, किंचित मागे रेंगाळणारा, पट्टीच्या जरासा खालून वर चढणारा. नातीने पाकीट हातात घेऊन विचारले, “आजोबा, हांव म्हणजे कोण?” मी तिला हे सगळे सांगितले. माझी जुनी वही आता तिच्याकडे आहे. तिच्या कोऱ्या पानावर तिने त्या गाण्याची नोंद केली आहे. आठ नावे जशी सापडली तशी उतरविली आहेत आणि नवव्या ओळीत नावासाठी जागा मोकळी ठेवली आहे.